गाळलेल्या दोन ओळी आणि जागा क्रमांक बेचाळीस

प्रति,
माननीय चॅन्सलर महोदय,
धर्मप्रांत न्यायालय,
वेल्चेस्टर.

अर्जदार: सिरिल पिनॉक, वय ७८, सेवानिवृत्त पोस्टमन,
राहणार लेन एंड कॉटेज, लिटल हॅम्बरी.

विषय: लिटल हॅम्बरी चर्चच्या आवारात माझ्या नावे राखून ठेवलेली कबरीची जागा क्र. ४२ रद्द करणेबाबत. तसेच आवारातील स्मारकशिलेवरचे पहिले नाव काढून टाकणेबाबत.

संदर्भ: १) आपल्या न्यायालयाचा शिळा उभारण्याचा परवाना, सन २०००.
२) जागा क्र. ४१ व ४२ राखून ठेवण्याचा परवाना, सन २००४.
३) आपल्या कार्यालयाचे पत्र, दि. १५ जानेवारी २०२४.

महोदय,

१. आपल्या छापील नमुन्यात कारणासाठी एक ओळ सोडलेली आहे. डिसेंबरात मी त्या ओळीवर "विश्वासघात" एवढाच शब्द लिहून अर्ज पाठवला होता. तो संदर्भ क्र. ३ च्या पत्रासोबत परत आला. कारण स्पष्ट करावे आणि शिळेवरची नावे ज्या जुन्या कागदावरून घेतली त्याची जाणकार व्यक्तीने केलेली नक्कल जोडावी, असे त्यात म्हटले आहे. आमच्या चर्चच्या धर्मगुरू, व्हिकर रेव्हरंड फिलिपा गॉन्ट यांनीही तेच सांगितले: "अहो सिरिल, एका शब्दावर न्यायालय काय करणार? कुणी केला, कधी केला, कसा केला, नीट लिहा." म्हणून सविस्तर लिहीत आहे. कागद वाढले त्याबद्दल क्षमा असावी. पण ओळी गाळण्याचा सल्ला यापुढे मी कोणाचाही ऐकणार नाही.

२. मी एकोणचाळीस वर्षे या गावात आणि लगतच्या चार गावांत टपाल वाटले. हाती आलेले पाकीट उजेडाला धरून बघायचे नाही, पोस्टकार्ड असले तरी मजकुराची बाजू खाली ठेवायची, आणि दिले तसे पोचवायचे, हे माझ्या अंगात मुरलेले आहे. हे मी स्वतःची तारीफ म्हणून सांगत नाही. पुढे माझ्या हातून जी चूक घडली ती या सवयीमुळे घडली, म्हणून न्यायालयाला ती ठाऊक असावी.

३. आमच्या चर्चमध्ये तीन कुलपांची ओकची पेटी आहे. एक किल्ली व्हिकरकडे आणि दोन किल्ल्या चर्चची व्यवस्था पाहणाऱ्या दोघा वॉर्डनांकडे. तिघे समोर असल्याखेरीज ती उघडत नाही. सन १९९२ मध्ये आतले जुने कागद जिल्ह्याच्या दप्तरखान्यात पाठवायचे ठरले, आणि पाठवण्याआधी त्यांची गावासाठी एक नक्कल करून ठेवण्याचे काम आम्हा दोघा वॉर्डनांवर आले. एक वॉर्डन मी. दुसऱ्या मिस ईनिड सॅलो, गावच्या शाळेच्या निवृत्त शिक्षिका. आजही आम्हीच आहोत, कारण त्या जागेला दुसरे कोणी उभेच राहत नाही.

४. नकलेची रीत ठरलेली आहे. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने लिहायचे. मग अदलाबदल करायची: लिहिणाऱ्याने मूळ कागद हातात घेऊन वाचायचा आणि पहिल्याने नकलेवर बोट ठेवून ताडायचे. जिल्हा इतिहास मंडळाच्या पुस्तिकेत हा नियम पहिल्या पानावर आहे. आम्ही तो पहिल्याच आठवड्यात मोडला. मिस सॅलो यांना जुने हस्ताक्षर घरच्या किराणा यादीसारखे वाचता येते. मला ते चिखलातून कोंबडी चालत गेल्यासारखे दिसते. माझे अक्षर मात्र छापल्यासारखे आहे. तेव्हा त्यांनी वाचायचे आणि मी लिहायचे, असे एकतीस वर्षे चालले. चौदा वह्या भरल्या, आणि नक्कल होईल तसतसे कागद दप्तरखान्यात गेले. जन्म, लग्ने, मरणे, कोणाच्या कुंपणावरून कोणाशी भांडण, कोणत्या विधवेला गावाने किती कोळसा दिला, सारे काही. मी एकदाही मूळ कागद हातात घेतला नाही. समोरचे माणूस वाचते ते खरे, असे धरून चाललो.

५. दिनांक ११ फेब्रुवारी १९९३, गुरुवार. चर्चच्या मागच्या खोलीत आम्ही बसलो होतो. पेटीच्या तळाशी एक घडी घातलेला कागद निघाला. डिसेंबर १८३० चा. त्या हिवाळ्यात आमच्या भागातल्या मजुरांनी मळणीयंत्रे फोडली, कारण यंत्र आले की थंडीतले काम गेले आणि भाकरी गेली. हे न्यायालयाला माहीत असेलच. त्या काळचे आमचे व्हिकर स्वतःच दंडाधिकारी असल्याने त्यांच्या कारकुनाने उतरवलेला कागद पेटीत राहिला होता. मिस सॅलो यांनी तो उलगडला आणि वाचले, "आयझॅक पिनॉक, मजूर."

६. आयझॅक हा माझ्या खापरपणजोबांचा बाप. मी खुर्चीवरून उठलो हे मला आठवते. "मिस सॅलो, हा आमचा आयझॅक!" असे मी ओरडलो. माझ्याकडे बघत त्या म्हणाल्या, "हो, मिस्टर पिनॉक. तुमचाच." मग त्यांनी मला चहा ओतायला सांगितले, चष्मा पुसला आणि पुढे सात नावे वाचली. मी आयझॅकखाली सातही नावे लिहिली. एकूण आठ. त्या सातांतले शेवटचे नाव जेकब सॅलो, वय एकोणीस, मिस सॅलो यांच्याच घराण्यातला. त्या सातांना काळ्या पाण्याची शिक्षा होऊन टास्मानियाला पाठवले, आणि त्यांतले कोणीही परत आले नाही.

७. इथे मला न्यायालयासमोर एक गोष्ट मान्य करणे भाग आहे. मिस सॅलो त्या दिवशी एकही शब्द खोटा बोलल्या नाहीत. त्यांनी पहिले नाव आणि सात नावे यांच्यामधल्या दोन ओळी वाचल्या नाहीत, इतकेच.

८. त्यापुढचे सगळे मी केले. आमचा आयझॅक यंत्र फोडणाऱ्यांचा म्होरक्या होता असे मी ठरवले. मग त्याला शिक्षा कशी झाली नाही? तर तो चर्चच्या मनोऱ्यात तीन दिवस लपून बसला आणि घंटा वाजवणाऱ्यांनी त्याला दोरीने भाकरी पोचवली, असेही मीच ठरवले. या तीन दिवसांना कसलाही पुरावा नाही. पुढे पुढे मला दोरीसुद्धा दिसू लागली होती. सन २००० मध्ये मी गावभर फिरून सह्या गोळा केल्या, आणि "मूळ कागदावरून ही आठ नावे खरी आहेत" असे शपथपत्र आपल्या न्यायालयात दाखल केले. शिळा उभी राहिली. आयझॅक सगळ्यांत वर, जेकब सगळ्यांत खाली. तेव्हापासून दर नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी मी शिळेपाशी भाषण करतो, आठही नावे मोठ्याने वाचतो, आणि मिस सॅलो माझ्या डोक्यावर छत्री धरतात. नंतर गावच्या हॉलमध्ये बटाट्याचे सूप असते.

९. सन २००४ मध्ये यू नावाच्या जुन्या झाडाखालच्या ४१ आणि ४२ या शेजारशेजारच्या जागा आम्ही दोघांनी राखून घेतल्या. दोघेही अविवाहित, दोघांनाही जवळचे कोणी नाही, आणि काम तर एकत्रच केलेले. 'प्लाउ' नावाच्या खानावळीचा मालक रेज टकवेल, जो गावात कबरीही खणतो, तो तेव्हा भर खानावळीत म्हणाला होता, "काय रे सिरिल, जिवंतपणी जमलं नाही, म्हणून मेल्यावर संसार मांडतोस होय?" सगळे हसले. मीही हसलो, कारण मला बरे वाटले होते.

१०. आता दिनांक २६ नोव्हेंबर २०२३. माझे चोविसावे भाषण. या वेळी टास्मानियाहून मिसेस कॉरल हेन्शॉ नावाच्या बाई आल्या होत्या. जेकब सॅलोने तिकडे लग्न केले, त्याच्या वंशातल्या त्या. हॉलमध्ये सूप वाढले जात असताना त्या माझ्यापाशी आल्या, माझे दोन्ही हात हातात घेतले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तुम्हीच ना पिनॉक? केवढं मोठं मन आहे हो तुमच्या गावाचं! ज्यानं नावं सांगितली त्याचंही नाव दगडावर घातलंत, आणि तेही सगळ्यांच्या वर! आमच्याकडे नसतं कुणी असं केलं."

११. मी म्हणालो, "कोणी नावं सांगितली?" बाईंना वाटले मला नीट ऐकू येत नाही. त्यांनी पिशवीतून कागद काढला. दप्तरखान्याने आता जुने कागद संगणकावर चढवले आहेत, तिथून छापून घेतलेला. त्यांनी तो मोठ्याने वाचला: "आयझॅक पिनॉक, मजूर, शपथेवर सांगतो की, खालील सात इसमांनी मळणीयंत्र घणाने फोडले ते त्याने कोठाराच्या दाराआडून समक्ष पाहिले, व त्यांची नावे तो आपणहून देत आहे." त्यापुढे सात नावे. जेकबचे नाव आले तिथे त्या थांबल्या.

१२. महोदय, त्या हॉलमध्ये चाळीसएक माणसे होती. एकानेही "काय सांगता!" असे म्हटले नाही. कोणी सुपात चमचा ढवळत राहिले, कोणी बुटांकडे बघत राहिले. आश्चर्य वाटलेला माणूस तिथे मी एकटा होतो. रेज टकवेल माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बस बरं खाली. अरे, आमच्या आज्यापासून ठाऊक आहे हे सगळ्यांना. तू दगड उभारायला निघालास तेव्हा म्हटलं, झाकली मूठ राहू दे. म्हातारपणी एक खेळणं मिळालंय, कशाला काढून घ्या?" मी तेव्हा चोपन्न वर्षांचा होतो.

१३. सगळ्या गावाने अळीमिळी गुपचिळी करून माझ्या भाषणाला चोवीस वर्षे टाळ्या वाजवल्या. व्हिकरबाई बदलीवर येऊन सहाच वर्षे झाली, त्यांनाही कोणीतरी पहिल्याच महिन्यात सांगितले होते. त्या म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल आणि तुम्ही माफी म्हणूनच ते भाषण करत असाल." मी माफी मागत होतो, आणि ती कशाची हे फक्त मलाच कळलेले नव्हते.

१४. त्या दिवशी घरी परत येताना मी माझ्याच फाटकापाशी उभा राहिलो. आमच्या दारावर १८३१ हा आकडा कोरलेला आहे. दर वसंतात मी तो पांढऱ्या रंगाने उजळतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगतो की पिनॉक त्या सालापासून या घरात आहेत. नावे डिसेंबर १८३० मध्ये दिली आणि पुढच्या वसंतात जमीनदाराने मजुराला दगडी घर दिले. हा हिशेब मला अठ्ठ्याहत्तर वर्षांत घालता आला नाही. नाताळात घरोघरी जाऊन कॅरल गाणी म्हणणारे आमच्या फाटकाबाहेरच उभे राहून गातात. आजोबांचा कुत्रा चावतो म्हणून, असे मला लहानपणी सांगितले गेले. तो कुत्रा १९३६ मध्ये मेला. आणि मिस सॅलो एकतीस वर्षांत एकदाही माझ्या घरात आल्या नाहीत. बाहेरच्या बाकावर बसत. बूट चिखलाचे आहेत म्हणत. जुलैमध्येसुद्धा.

१५. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मिस सॅलो मनोऱ्यातल्या घड्याळाला किल्ली द्यायला आल्या तेव्हा मी त्यांना तिथे गाठले. आमचे बोलणे आठवते तसे देत आहे.

मी विचारले, "तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून," त्या म्हणाल्या. किल्ली फिरवायचे थांबल्या नाहीत.

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगणारच होते हो. दोन ओळींचं तर होतं. पण नाव ऐकलंत आणि उठून उभेच राहिलात. वर्गात पहिला नंबर आल्यावर पोरं करतात ना, तस्सं तोंड झालं होतं तुमचं. म्हटलं, चहा होऊ दे, मग सांगू. मग म्हटलं, पुढच्या गुरुवारी सांगू."

"एकतीस वर्षांत किती गुरुवार येतात, मिस सॅलो?"

"मला विचारता? एकेक आठवतो मला." मग त्या पायरीवर बसल्या. "आमच्या घरी जेकबचं नाव निघालं की पाठोपाठ तुमच्या घराचं निघायचं, आणि जेवण कडू व्हायचं. आजीनं चालवलं, आईनं चालवलं. मला ना मूल ना बाळ. म्हटलं, आपल्यापाशी संपू दे. केलं तुम्हाला माफ, मनातल्या मनात."

"मला न विचारता?"

"विचारायचं तर आधी सांगावं लागलं असतं, सिरिल."

त्यांनी मला नावाने हाक मारण्याची ती पहिली वेळ. मला ती त्या क्षणी सहन झाली नाही आणि मी निघून आलो.

१६. महोदय, केसाने गळा कापणे म्हणजे काय ते मला त्या पायऱ्या उतरताना कळले. परक्याने फसवले असते तर मी रागावून मोकळा झालो असतो. इथे दर गुरुवारी माझ्यासमोर बसून, माझ्या हातचा चहा पिऊन, माझ्या अक्षराचे कौतुक करून, माझ्याच हाताने माझ्या घराण्याचे खोटे लिहवून घेतले. टपालखात्याचा नियम आहे की रजिस्टर पत्र ज्याचे त्याच्याच सहीने सोडवायचे. दुसऱ्याने परस्पर सही करून ते घेतले तर तो गुन्हा होतो. माझ्या नावे १८३० पासून एक पत्र पडून होते. त्यात लाज होती, ती माझी होती. माफी मागण्याची पाळीही माझीच होती. मिस सॅलो यांनी ते पत्र स्वतःच्या सहीने सोडवून घेतले, वाचले, उत्तर देऊन टाकले, आणि मला फक्त रिकामे पाकीट दिले. त्यांनी वाईट हेतूने केले नाही, हे मला कळते. पण कळल्याने बरे वाटत नाही.

१७. तरी माझ्या विनंत्या पुढीलप्रमाणे:

(अ) जागा क्र. ४२ रद्द करून मला उत्तरेच्या भिंतीकडे, खताच्या ढिगाशेजारी जागा द्यावी. तिथे कोणीही मागत नाही, त्यामुळे अडचण येऊ नये.

(आ) शिळेवरचे आयझॅक पिनॉक हे नाव छिन्नीने काढून टाकावे. छिन्नी मी स्वतः चालवीन.

(इ) चौदाही वह्यांच्या प्रत्येक पानावर "ताडून पाहिलेले नाही" असा शिक्का मारण्याची परवानगी मिळावी. पाने दोन हजार सहाशे आहेत. शिक्का माझ्याकडे आहे.

(ई) सन २००० मध्ये खोटे शपथपत्र केल्याबद्दल माझ्यावर योग्य ती कारवाई करावी. कलम मला माहीत नाही, ते कार्यालयाने शोधावे.

(उ) कॅरल म्हणणाऱ्यांना यापुढे फाटकाच्या आत, दारापाशी येऊन गाण्याचा आदेश द्यावा. ते मान्य नसेल तर त्यांनी आमच्या घरासमोर गाऊ नये.

(ऊ) मिस ईनिड सॅलो यांनी मनातल्या मनात दिलेली माफी रद्दबातल ठरवावी, आणि ती रीतसर मागण्यासाठी मला अठ्ठावीस दिवसांची मुदत द्यावी. अर्जाची नोटीस चर्चच्या दारावर जितके दिवस लावतात तितकीच मुदत मी मागत आहे.

१८. नोटिशीचे सांगायचे तर, ती दारावर लावण्याचे काम वॉर्डनाचे, आणि अर्जदार स्वतःची नोटीस लावू शकत नाही. त्यामुळे माझ्या पहिल्या अर्जाची नोटीस मिस सॅलो यांनीच लावली. एरवी त्या दोन टाचण्या वापरतात. या वेळी चारही कोपऱ्यांना चार लावल्या होत्या. अठ्ठावीस दिवस गावाने ती वाचली. लेखी हरकत एकट्या रेज टकवेलची आली: "उत्तरेच्या भिंतीकडे खाली खडक आहे. पिनॉकला तिकडे घालायचं तर माझी कंबर जाईल." ती हरकत मी रास्त समजतो.

१९. राहिला प्रश्न जाणकार व्यक्तीने केलेल्या नकलेचा. दप्तरखान्याने कळवले की त्यांच्याकडे रांग आहे, जूनपर्यंत थांबा. जुने हस्ताक्षर वाचणारे दुसरे कोणी या पाच गावांत नाही. चार दिवस विचार करून मी मिस सॅलो यांना पत्र लिहिले आणि टपालात टाकले, जरी त्यांचे दार माझ्या दारापासून दोनशे पावलांवर आहे. नकलेसाठी गावचा हॉल घेऊ का, असे मी विचारले होते. उत्तरही टपालानेच आले: "हॉल गार असतो. गुरुवारी तीनला तुमच्या घरी येते. बूट पुसून येईन."

२०. दिनांक १ फेब्रुवारी रोजी त्या आल्या. फाटकापाशी बराच वेळ उभ्या होत्या. मी खिडकीतून बघत होतो. बाहेर जाऊन हाताला धरावे की नाही ते मला कळेना, म्हणून मी किटली दुसऱ्यांदा ठेवली. मग त्या आत आल्या, स्वयंपाकघरात बसल्या आणि म्हणाल्या, "आज नियमाप्रमाणे. आधी मी वाचते, मग तुम्ही." मिसेस हेन्शॉ यांनी दिलेल्या छापील प्रतिमेवरून त्यांनी सगळे वाचले, गाळलेल्या दोन ओळींसकट, आणि मी लिहिले. मग कागद माझ्याकडे सरकवला. एका पानाला मला दोन तास वीस मिनिटे लागली. त्या मध्ये एकदाही शब्द सुचवून मोकळ्या झाल्या नाहीत. "वाचा," एवढेच म्हणत. "वर्गात कुणी हसणार नाही." ज्या दोन ओळी मला कधी वाचून दाखवल्या नाहीत त्या मी स्वतः, माझ्या तोंडाने, आयझॅकला मिळालेल्या घरात, जेकबच्या घरच्या माणसासमोर वाचल्या.

२१. जेकबच्या नावापाशी मिसेस हेन्शॉ थांबल्या होत्या, कारण त्यांना हवे ते नाव तिथे संपते. मिस सॅलो यांच्याही ध्यानात त्यापुढचे काही राहिले नव्हते. "त्र्याण्णव साली जेकबचं नाव दिसलं आणि मग मला कागदच दिसेना," त्या म्हणाल्या. पण अगदी तळाशी, घडीवर, आणखी एक ओळ आहे. ती उलगडायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला: "जबाब साक्षीदारास वाचून दाखवला. साक्षीदारास लिहिता वाचता येत नाही. त्याची निशाणी." आणि पुढे एक फुली, वाकडी, शाई फुटलेली.

२२. याने आयझॅक निर्दोष ठरतो असे माझे म्हणणे नाही. घर त्याला मिळालेच, आणि मी त्यात राहतो. पण कारकुनाने त्याला त्या दिवशी किती वाचून दाखवले आणि किती नाही, हे आता कोणालाच कळणार नाही. दुसऱ्याने वाचलेल्या कागदावर विश्वासाने निशाणी करणारा आमच्या घरात मी पहिला नाही, इतके मात्र मला त्या स्वयंपाकघरात समजले.

२३. त्यानंतर मी उभा राहिलो आणि जे म्हणायचे होते ते म्हणालो. "मिस सॅलो, आमच्या घराकडून तुमच्या घराची माफी मागतो." शब्द मी आठवडाभर घोकले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाल्या, "ऐकलं. आता मला विचार करू दे." महोदय, एकतीस वर्षांत मला प्रथमच वाटले की त्यांनी माझ्यापासून काही लपवले नाही.

२४. सबब विनंती (ऊ) मी मागे घेत आहे. ते काम न्यायालयाशिवाय सुरू झाले आहे. विनंती (आ) मध्ये बदल करावा: आयझॅकचे नाव वरून काढून शिळेच्या तळाशी, सात नावांच्या खाली, थोडे अंतर सोडून कोरावे आणि पुढे "याने नावे सांगितली" असे लिहावे. मिसेस हेन्शॉ यांना आमच्या गावात जो मोठेपणा दिसला तो तेव्हा नव्हता. निदान आता तरी असावा. बाकी विनंत्या कायम आहेत, आणि (अ) तर विशेष करून. माझा राग गेलेला नाही. मिस सॅलो यांच्याशी मी रस्त्यात बोलतो, पण कमी बोलतो.

न्यायालयाने हा अर्ज शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा, एवढेच मागणे.

आपला नम्र आणि उशिरा वाचायला शिकलेला,
(सही) सिरिल पिनॉक
लिटल हॅम्बरी, दि. ५ फेब्रुवारी २०२४

सहपत्रे:

१. शपथपत्राची प्रत, सन २०००. (खोटे.)

२. रेज टकवेल यांची हरकत.

३. मिसेस हेन्शॉ यांनी दिलेली मूळ कागदाची छापील प्रतिमा.

४. मूळ कागदाची पूर्ण नक्कल. वाचन: मिस ईनिड सॅलो. लेखन: अर्जदार. नंतर अदलाबदल करून ताडलेली. स्थळ: अर्जदाराचे स्वयंपाकघर.

५. मिस ईनिड सॅलो यांचे न्यायालयास पत्र. हा अर्ज टपालात टाकायला निघालो असताना त्यांनी ते फाटकातून आत येऊन माझ्या हातात दिले. पाकीट चिकटवलेले नव्हते. मी चिकटवू लागलो तेव्हा त्या म्हणाल्या, "आधी वाचा. मग पोचवा." मजकूर दोन ओळींचा आहे: "पिनॉक यांच्याबाबतचा एक निर्णय मी त्यांना न विचारता घेतला होता, तीच चूक न्यायालयाने माझ्या शब्दावरून करू नये. मला क्र. ४२ रिकामी नको आहे, पण त्यांना विचारावे."

सदर पत्र मी दोनदा वाचले आहे. विनंती (अ) बाबत न्यायालयाने मला पुन्हा एकदा विचारावे. माणूस पाठवल्यास मी घरीच असतो, आणि फाटक आता उघडेच ठेवतो.

सि. पि.